पाववाल्या आजींची ढाल आणि जर्मन कुलचिन्हांचा नाद

पेग्निट्झकाठचा

न्यूर्नबर्गला येऊन मला सहा वर्षं होतील. त्यातली पहिली साडेतीन ज्या घरात भाड्यानं काढली, त्याच्या जिन्यात पहिल्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी ढाल टांगलेली होती. लाल रंगावर सोनेरी ब्रेत्झल, म्हणजे इथला तो कडबोळ्यासारखा पीळ घातलेला पाव. ढालीच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राण, त्यातून निघालेली दोन शिंगं आणि शिंगांच्या बेचक्यात आणखी एक छोटं ब्रेत्झल. दोन्ही अंगांना लाल-सोनेरी कापडाच्या चिंध्या, वाऱ्यावर उडाल्यासारख्या. मी मनाशी ठरवून टाकलं की घरमालकीण आजी कुठल्यातरी बुडीत जहागिरीच्या वारस असणार. वर्षभर त्यांच्याशी उगाच दोन इंच वाकून बोलायचो.

एकदा तळघरातलं धुण्याचं मशीन बंद पडलं म्हणून त्यांच्याकडे गेलो आणि धीर करून विचारलं, तुमचं घराणं कुठलं? आजी आधी गोंधळल्या, मग दारातच खो खो हसत सुटल्या. "कसलं घराणं? आम्ही पाववाले. पहाटे तीनला उठणारे."

तिथून मला हा नाद लागला. आपण 'कोट ऑफ आर्म्स' म्हटलं की राजा, संस्थानिक, गेला बाजार विद्यापीठ, एवढंच डोळ्यांपुढे येतं. जर्मन मुलखात असं कधीच नव्हतं. शब्द आहे 'वापेन', आणि तो हत्यार या अर्थाच्या 'वाफं' या शब्दाचाच भाऊ. सुरुवात लढणाऱ्यांपासून झाली हे खरं. बाराव्या शतकात तोंड शिरस्त्राणाआड गेलं, मग आपला कोण आणि परका कोण हे ढालीवरून ओळखायची पाळी आली. पण शे-दीडशे वर्षांत ही चाल शहरातल्या व्यापाऱ्यांनी उचलली, मग कारागिरांनी, काही भागांत शेतकऱ्यांनीसुद्धा. चौदाव्या शतकातला इटालियन कायदेपंडित बार्तोलो यानं लिहून ठेवलंय की माणूस जसं नाव घेतो तसंच चिन्हही घेऊ शकतो, दुसऱ्याचं उचलून त्याला त्रास दिला नाही म्हणजे झालं. जर्मन मुलखात हाच व्यवहार चालला. बादशहाकडून (म्हणजे जर्मन मुलखाच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या) किंवा त्यानं अधिकार दिलेल्या अंमलदारांकडून 'वापेनब्रीफ', म्हणजे सनद, मिळायची. पण ती घेतलीच पाहिजे असं नव्हतं.

मग उमराव कोण आणि पाववाला कोण, हे ओळखायचं कसं? सगळे ढालीकडे बघतात. माझं म्हणणं, आधी शिरस्त्राणाकडे बघा. इंग्रजी पद्धतीत तुरा कित्येकदा शिरस्त्राणाशिवाय नुसताच हवेत तरंगताना दिसतो. जर्मन डोळ्याला ते विचित्र वाटतं. इथे ढाल, शिरस्त्राण, त्यावरचा तुरा आणि खाली सुटलेलं वस्त्र हे सगळं मिळून एक वापेन. पंधराव्या शतकापासून बादशाही कचेरीनं असा रिवाज पाडला की गज असलेलं उघडं शिरस्त्राण उमरावांना आणि पूर्ण बंद, पुढे बेडकाच्या जबड्यासारखं आलेलं, डोळ्यांपुरती फट असलेलं शिरस्त्राण बाकीच्यांना. आजींच्या ढालीवर बेडूकतोंडी होतं. ते ठाऊक असतं तर वर्षभर वाकलो नसतो. (हा नियम सगळीकडे काटेकोर पाळला गेला असं नाही. पैसा आला की गजही येत.)

तुऱ्याची किंमत किती, याची माझी आवडती गोष्ट याच गावच्या किल्लेदारांची आहे. होहेनत्सोलर्न घराणं, ज्यातून पुढे १८७१ मध्ये जर्मनीचा कैसर झाला, ते तेव्हा न्यूर्नबर्गचे बुर्गग्राफ होते. ढाल साधीच, चांदी आणि काळ्याचे चार चौकोन. १३१७ मध्ये बुर्गग्राफ चौथ्या फ्रीडरिषनं स्वित्झर्लंडकडच्या लोइटोल्ड फॉन रेगन्सबेर्ग याच्याकडून त्याचा तुरा चक्क विकत घेतला. ३६ मार्क चांदी मोजून. तुरा काय, तर शिकारी कुत्र्याचं मुंडकं, लांब लोंबत्या कानांचं. पुढे एटिंगनच्या काउंटांशी यावरून तंटा उभा राहिला, कारण त्यांच्याही डोक्यावर तसंच कुत्रं. शेवटी कुत्र्याच्या कानावर कुणी काय रंगवायचं हे ठरवून भांडण मिटवलं गेलं. दोन बलाढ्य घराणी, आणि वाद कुत्र्याच्या कानाचा. बांधावरून कोर्टात जाणाऱ्या आपल्या भाऊबंदांना मी आता नावं ठेवत नाही.

कुणाला रस असेल तर अजून लिहितो. प्रश्न विचारा, येतं तेवढं सांगेन.

कडबोळेवाली

ब्रेत्झलला कडबोळं म्हटल्याबद्दल निषेध. कडबोळं खुसखुशीत असतं. बाकी लेख मस्त, लिहा अजून.

घाटमाथा

वाचतोय. एक शंका: रंगांचे काही नियम असतात म्हणे? की वाटेल ते वाटेल तसं रंगवायचं?

पेग्निट्झकाठचा

@घाटमाथा, नियम एकच आणि तो लहान मुलालाही सांगता येतो. सोनं आणि चांदी (म्हणजे चित्रात पिवळा आणि पांढरा) हे 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण व्यवहारी आहे: धुळीत, शंभर हातांवरून, घोडा दौडत असताना दिसलं पाहिजे. आपल्या रस्त्यांवरचे मैलाचे दगड पिवळ्या-पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत असतात, त्याच कारणानं.

आणि सांगायचीही पद्धत साधी. इंग्रज याच रंगांना जुनी फ्रेंच नावं देतात आणि सामान्य माणसाला बाहेर ठेवतात. जर्मनमध्ये लाल म्हणजे लाल, काळा म्हणजे काळा. मला ते फार आवडलं.

सातारी_तर्री

आमचं देवक कळंब. लग्नात कळंबाची डहाळी पूजतो. तुमचं वाचताना सारखं तेच डोक्यात येत होतं. घराण्याची खूण, पिढीजात, सगळ्या भाऊबंदांची एकच. हे वापेन म्हणजे त्यांचं देवकच नाही का?

अनुस्वार

नाही. देवकाचं खरं काम सोयरीक जुळवताना. समान देवक असेल तर लग्न नाही. जर्मन कुटुंबांनी सोयरिकीच्या आधी एकमेकांच्या ढाली तपासल्या आणि सारख्या निघाल्या म्हणून लग्न मोडलं, असं कुठे आहे? शिवाय देवकाची पूजा होते. ब्रेत्झलची पूजा करतात का आजी?

पेग्निट्झकाठचा

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. 'सगळ्या भाऊबंदांची एकच' हे तर्रीभाऊंचं निरीक्षण पक्कं आहे. इंग्लंडात थोरला, मधला, धाकटा यांच्या चिन्हांत बारीक खुणा घालून फरक करायची पद्धत आहे. जर्मन कुटुंबात सहसा तसं करत नाहीत, एका वंशाचे सगळे तीच ढाल लावतात. इथले अभ्यासक त्याचा उलटा उपयोगही करतात: आडनावं वेगळी पण ढाल तीच दिसली, तर मूळ पुरुष एक असेल का, असा संशय घेतात.

पण देवकाच्या जास्त जवळ जाणारी गोष्ट पोलंडमध्ये आहे. तिथे एकेक चिन्ह, त्याला 'हेर्ब' म्हणतात, शेकडो घराण्यांचं मिळून असतं. त्यांचं आपसांत रक्ताचं नातं असेलच असं नाही. त्या हेर्बला स्वतःचं नावही असतं, आडनावापेक्षा वेगळं. कळंबवाले, मोरपीसवाले, तसं. पूजेचं म्हणाल तर आजी ढालीवरची धूळसुद्धा पुसायच्या नाहीत.

श्टुटगार्टची_सून

इतके दिवस फक्त वाचत होते, आज खातं उघडलं. कारण हत्ती!

आमच्याकडून उल्मच्या गाडीत बसलं की वाटेत गाइसलिंगन लागतं. गाव दरीत, आणि वर डोंगरावर हेल्फनश्टाइनच्या काउंटांच्या किल्ल्याचे अवशेष. सासरे आम्हाला तिथे चढवून घेऊन गेले होते. या काउंटांच्या लाल ढालीवर पांढराशुभ्र हत्ती, सोनेरी टेकाडावर चालणारा. मला वाटलं हे लोक भारतात येऊन गेले की काय. तर नाही. जुन्या जर्मनमध्ये हत्तीला 'हेल्फांट' म्हणायचे. हेल्फांट, हेल्फनश्टाइन. नावावरून कोटी, बाकी काही नाही! गावात फिरताना हा हत्ती अधूनमधून भेटतो. जुन्या चित्रांमधला बघितला तर सोंड पिपाणीसारखी आणि पाय गाढवाचे. काढणाऱ्यानं हत्ती पाहिला नव्हता, हे आपल्याला लगेच कळतं.

पेग्निट्झकाठचा

@श्टुटगार्टची_सून, वा! तुम्ही माझ्या सगळ्यात लाडक्या विषयाला हात घातलात. याला इथे 'बोलकं वापेन' म्हणतात. ढाल म्हणजे चित्रात लिहिलेलं नाव. हेनेबेर्गचे काउंट: हिरव्या टेकाडावर काळी कोंबडी, कारण हेन म्हणजे कोंबडी आणि बेर्ग म्हणजे डोंगर. एवढे मोठे काउंट आणि ढालीवर कोंबडी, पण कुणाला लाज वाटली नाही. आमच्या न्यूर्नबर्गचं होल्त्सशूअर हे बडं खानदान: सोनेरी ढालीवर काळा लाकडी जोडा, कारण आडनावाचा अर्थच तो.

ड्यूररची गोष्ट तर दोन भाषांतून फिरून आली आहे. चित्रकार आल्ब्रेष्ट ड्यूररचे वडील हंगेरीतल्या आयतोश गावचे. हंगेरियनमध्ये 'आयतो' म्हणजे दार. जर्मनीत येऊन त्याचं भाषांतर झालं ट्यूर, त्यावरून ट्यूरर आणि मग ड्यूरर. त्यानं १५२३ मध्ये आपल्या कुळाच्या वापेनचं लाकूडठशाचं चित्र केलं, त्यात ढालीवर सताड उघडं दार आहे. सोनाराचा मुलगा, उमराव नव्हे. पण वापेन आहे, आणि ते काढताना हात आखडता घेतलेला नाही.

हत्तीवरून अजून एक. आजींच्या शिरस्त्राणावर होती तशी दोन शिंगं जर्मन तुऱ्यांत पावलोपावली दिसतात. मुळात ती टोकदार, गुराच्या शिंगांसारखी. पुढे काढणाऱ्यांनी टोकं उघडी केली, कर्ण्यासारखी. मग नंतरच्या काही पुस्तकी लोकांना वाटलं, या हत्तीच्या सोंडा असाव्यात! तसं लिहूनही ठेवलं त्यांनी.

मांडवीतीर

गोव्यातून हात वर करतो. आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांचं कुणीच काही बोललं नाही. त्यांचं चिन्ह लिली ना? त्यांचा माणूस आमच्याकडे होता. फेर्डिनांड क्रोन नावाचा आउग्सबुर्गचा गृहस्थ फुगर आणि वेल्झर यांचा मिरीचा मुनीम म्हणून १५८७ साली कोचीला उतरला आणि नंतर गोव्यात येऊन चांगला बस्तान बसवून राहिला. पोर्तुगीजांचं राज्य, मिरी मलबारची, भांडवल जर्मन.

पेग्निट्झकाठचा

बरोबर, लिलीच. आणि फुगरांचं चिन्ह म्हणजे 'पैसा आला की गज येतात' याचा नमुना. मूळ पुरुष विणकर, आउग्सबुर्गला आला १३६७ मध्ये. घराण्याच्या दोन पात्या झाल्या. एकीला तिसऱ्या फ्रीडरिष बादशहानं १४६२ मध्ये हरणाचं वापेन दिलं, म्हणून ते 'हरणवाले फुगर'. दुसरीला १४७३ मध्ये लिली मिळाली. त्याचं असं सांगतात की बादशहा ट्रिअरला बर्गंडीच्या श्रीमंत ड्यूकला भेटायला निघाला होता, लवाजम्याला साजेसे कपडे करायला रोकड नव्हती, तर उलरिष फुगरनं कापड पुरवलं. बिलाच्या बदल्यात लिली. हरणवाले पुढे बुडाले, लिलीवाल्यांचे काउंट झाले, पार राजपुत्र झाले.

आउग्सबुर्गला फुगराइ बघायला जरूर जा. याकोब फुगरनं गरिबांसाठी १५२१ मध्ये वसवलेली चाळ. वर्षाचं मूळ भाडं अजून ८८ सेंट, अधिक रोज तीन प्रार्थना. लिली तिथेही भेटते. मी गेलो तेव्हा तिच्या खाली एक आजोबा सायकलची साखळी बसवत होते.

हिशेबनीस

मजा चालली आहे, चालू द्या. पण मला एक कळत नाही. सरंजामदारांच्या ढालींचं इतकं कौतुक कशाला? ज्यांनी वेठबिगारी करवली त्यांची ही चित्रं. आणि तुमच्या न्यूर्नबर्गला आणखी एक इतिहास आहे, १९३३ ते ४५ चा. तो या सुंदर जिन्यात कुठेच टांगलेला दिसत नाही.

अनुस्वार

हिशेबनीस आले, आता धागा दोनशेवर जाणार.

पेग्निट्झकाठचा

@हिशेबनीस, प्रश्न वाजवी आहे. कायद्याचं आधी उरकतो. वायमार राज्यघटनेच्या १०९ व्या कलमानं १९१९ मध्ये जन्मजात विशेषाधिकार संपवले. ग्राफ (काउंट), फ्रायहेर (बॅरन), फॉन हे आता नुसते आडनावाचे तुकडे आहेत, पासपोर्टवर छापण्यापुरते. ऑस्ट्रियानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेवढंही ठेवलं नाही, 'फॉन'सुद्धा कापला. वापेनवर मात्र बंदी आली नाही, कारण ते फक्त उमरावांचं कधी नव्हतंच. आज कुणाचं वापेन दुसऱ्यानं वापरलं तर कोर्ट त्याला नावाच्या हक्कासारखं संरक्षण देतं. बर्लिनला १८६९ पासून 'हेरॉल्ड' नावाची संस्था आहे. ती १९२२ पासून एक नोंदवही चालवते आणि त्यात पाववालाही नोंद करू शकतो. संस्था चिन्ह 'बहाल' करत नाही, नोंदवते.

आता जिना. मी मुद्दाम एक गोष्ट सांगितली नव्हती, पण तुम्ही विचारलंच आहे.

मी घर सोडताना आजींनी मला एक अंगठी दाखवली. मोहोरेची, वडिलांची. त्यावर तेच ब्रेत्झल कोरलेलं. तोवर मला एक विद्या आली होती: रंग नसताना रंग वाचायची. १६३८ मध्ये पेट्रा सांक्ता नावाच्या जेझुइटाच्या पुस्तकानं रूढ केलेल्या रेघांची. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं, कोरं म्हणजे चांदी, उभ्या-आडव्या जाळीचा काळा. भिंग लावून बघितलं तर ब्रेत्झलभोवती केसासारख्या उभ्या रेघा आणि ब्रेत्झलच्या अंगावर सुईनं टोचल्यासारखे ठिपके. लाल ढाल, सोनेरी ब्रेत्झल. मी हुशारी दाखवायला शिरस्त्राणाचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही सांगितलं, आणि चुकलो. मोहोर लाखेत उमटायची असते, त्यामुळे अंगठीवर सगळं उलटं कोरतात. आजींनी हसत मेणबत्तीचं मेण बशीत ओतलं आणि अंगठी दाबून दाखवली.

मग अंगठी आतून बघितली. तिथे साल कोरलं होतं: १९३६.

मी म्हटलं, एवढं नवं? मला वाटलं चारशे वर्षांचं असेल. आजी अंगठीकडे बघत म्हणाल्या, "त्या वर्षांत सगळ्यांनाच पणजोबा शोधावे लागत होते."

त्यांचे काका शाळामास्तर. १९३३ च्या एप्रिलमध्ये सरकारी नोकरांसाठी कायदा आला, आपण 'आर्य' आहोत हे कागदावर सिद्ध करा. त्यासाठी चर्चच्या बारशाच्या आणि लग्नाच्या वह्या धुंडाळाव्या लागल्या. काकांनी गावोगाव पत्रं लिहून कुळाची यादी केली, नोकरी टिकली. यादी हातात आलीच आहे तर वापेनही करून घेऊ म्हणून दोघा भावांनी एका चित्रकाराकडून हे काढून घेतलं. याच काळात वंशावळींचं आणि नव्या कौटुंबिक वापेनांचं पीक आलं होतं. त्याच वह्यांमुळे दुसऱ्या काही माणसांची नोकरी गेली आणि पुढे जीवही गेला. आजी एवढंच म्हणाल्या, "गल्लीच्या टोकाला कापडवाले होते. त्यांची यादी वेगळी निघाली."

ढाल त्यांनी काढून टाकली नाही. धूळ का पुसत नाहीत, ते मी त्या दिवसानंतर विचारलं नाही.

हिशेबनीस

हे सांगितलंत ते बरं केलंत. धन्यवाद.

घाटमाथा

अंगावर आलं.

श्टुटगार्टची_सून

त्याच काळातली एक गोष्ट. कोबुर्ग गावच्या वापेनवर संत मॉरिसचं डोकं आहे, कृष्णवर्णीय माणसाचं. गावाचा तो पालक संत. १९३४ मध्ये नाझींनी ते हटवून त्या जागी तलवार आणि स्वस्तिक आणलं, १९४५ ला गावानं जुनं परत लावलं. आता उलट बाजूनं वाद आहे: जाड ओठ, कानात बाळी, असं ते चित्र आजच्या काळात वंशद्वेषी दिसतं, बदला. २०२० साली त्यासाठी ऑनलाइन अर्ज फिरला. नवरा म्हणतो ठेवावं, नणंद म्हणते बदलावं. नाताळात जेवताना या विषयावर बंदी आहे.

कडबोळेवाली

बीएमडब्ल्यूचं ते निळं-पांढरं चिन्ह विमानाचा पंखा आहे ना? तेही यातलंच का?

पेग्निट्झकाठचा

पंखा नाही, बायर्नचे (म्हणजे बव्हेरियाचे) रंग. तिथल्या विटल्सबाख राजघराण्याकडे निळे-पांढरे शंकरपाळे आले ते बोगनचे काउंट १२४२ मध्ये निपुत्रिक गेल्यावर, वारशानं. कंपनीनं १९१७ मध्ये ते रंग घेतले, पण तेव्हाच्या कायद्यानं राजचिन्ह धंद्याच्या खुणेत वापरता येत नव्हतं, म्हणून क्रम उलटा केला. पंख्याची गोष्ट १९२९ च्या एका जाहिरातीतून पसरली. पोर्शच्या चिन्हात मात्र ढालीवर ढाल सरळच आहे: कडेला व्ह्युर्टेम्बर्गची हरणाची शिंगं, मधे श्टुटगार्टचा घोडा. सूनबाईंच्या गावचा.

शाईचा_डाग

मंडळी, आता माझी शरम. गेल्या उन्हाळ्यात आम्ही बायर्नमधल्या एका पर्यटकी गावात गेलो होतो. एका दुकानाबाहेर पाटी: तुमच्या घराण्याचं वापेन, दहा मिनिटांत. काउंटरवरच्या माणसानं आडनाव संगणकात घातलं. 'कुलकर्णी'. आणि सापडलं हो! ४० युरोंना फ्रेम करून आणलंय, हॉलमध्ये लावलंय. निळ्या ढालीवर काळा सिंह, वर पाच शिरस्त्राणं, सगळी गजांची, आणि ढालीवर नऊ मोत्यांचा मुकुट. हा धागा वाचल्यापासून पाहुणे आले की मी त्याच्यासमोर उभा राहतो.

पेग्निट्झकाठचा

अहो, अभिनंदन, तुम्ही काउंट झालात. नऊ मोती म्हणजे ग्राफ. सात म्हणजे फ्रायहेर, पाच म्हणजे साधा उमराव. पाच शिरस्त्राणं लावायला पाच जहागिरी किंवा पाच वारसे लागतील, तेवढे शोधून ठेवा. आणि निळ्यावर काळा सिंह म्हणजे रंगावर रंग. तो सिंह शंभर हातांवरून सोडा, सोफ्यावरूनही दिसत नसणार.

शाईचा_डाग

दिसत नाही. बायको म्हणत होती मांजर आहे.

सातारी_तर्री

काउंट कुलकर्णी. मुजरा.

पेग्निट्झकाठचा

पण वाईट वाटून घेऊ नका. वर बार्तोलोचं सांगितलंच आहे: दुसऱ्याचं उचलायचं नाही, एवढंच. आपणच इथे खरं काढू. बोलकं वापेन करायचं तर कुलकर्णी म्हणजे लेखणी. लाल ढालीवर तिरका सोनेरी बोरू. एक रंग, एक धातू. बेडूकतोंडी शिरस्त्राण. तुरा म्हणून पगडी चालेल, इथेही टोप्या घातलेले तुरे खूप आहेत.

अनुस्वार

तिरका म्हणजे कुठून कुठे? कुणाच्या उजवीकडून?

पेग्निट्झकाठचा

ढाल धरणाऱ्याच्या. बघणाऱ्याच्या नव्हे. ढालीमागे माणूस उभा आहे असं धरायचं, त्याचा उजवा हात ती 'उजवी' बाजू, म्हणजे आपल्याला डावीकडे दिसते ती. बोरू वर उजवीकडून खाली डावीकडे.

कडबोळेवाली

दौत पण हवी. दौतीशिवाय बोरू म्हणजे काडी.

शाईचा_डाग

थांबा. उत्साहाच्या भरात बाबांना नागपूरला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आडनाव सोड. आपल्या घरात बोरू धरलेला मी पाहिला नाही. आजोबा रेल्वेत, मी रेल्वेत, काका रेल्वेत. रूळ काढ."

पेग्निट्झकाठचा

बाबांना नमस्कार सांगा, त्यांना हे शास्त्र माझ्यापेक्षा कळतं. रेल्वेसाठी जर्मन वापेनात ठरलेली खूण आहे: पंख लावलेलं चाक. रेल्वेवर वाढलेल्या किती तरी गावांच्या ढालींवर आहे. आणि पंखांची जोडी हा तर इथला नेहमीचा तुरा. म्हणजे लाल ढालीवर दोन चांदीचे रूळ, शिरस्त्राणावर पंखांची जोडी, मधे चाक. वस्त्र लाल आणि चांदीचं.

शाईचा_डाग

बाबा विचारताहेत, रूळ ब्रॉडगेज का मीटरगेज.